हारेम मांगा खोक्यात भरणाऱ्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी सदस्य,
आपले मांगा वाचक मंडळ, पुणे

विषय: हारेम प्रकारातील मांगा कपाटातून काढण्याच्या निर्णयाबाबत

स.न.वि.वि.

मागच्या बैठकीनंतर मंडळाच्या कपाटावर चिकटवलेल्या सूचनेबद्दल हे पत्र आहे. हारेम प्रकारातली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, यापुढे कपाटात ठेवायची नाही, नव्या सभासदांना सुचवायची नाही आणि रविवारच्या बैठकीत तिच्यावर चर्चा घ्यायची नाही, असं तीन ओळींत लिहिलं आहे. चौथ्या ओळीत कारण दिलंय: महिला सभासदांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पहिल्या तीन ओळींवर आपण नेहमीसारखे भांडलो असतो, चहा घेतला असता आणि घरी गेलो असतो. पत्र लिहावं लागतंय ते चौथ्या ओळीमुळे.

मी महिला सभासद आहे. मला कुणी विचारलं नाही. बाकीच्या जणींना मी फोन केले, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. एकीला तर सूचना माझ्याकडूनच कळली. आमच्यातल्या दोघींना हा प्रकार मुळीच आवडत नाही, त्या क्रीडा मांगाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. पण आपल्या नावावर कुणीतरी परस्पर सही केली हे त्यांनाही रुचलेलं नाही.

मंडळाच्या वहीत न लिहिता हे उघड लिहितेय, कारण अशी मंडळं आता जागोजागी उभी राहताहेत. कॉलेजात, सोसायटीत, कॉमिक कॉनच्या रांगेत ओळख होते आणि चार जण पुस्तकं एकत्र करतात. व्हिझ या प्रकाशकाचा एक खंड साधारण चारशे-पाचशे रुपयांना पडतो, काही प्रकाशकांचे त्याहून महाग. एकट्याच्या खिशाला वीस-पंचवीस खंडांची मालिका झेपत नाही. म्हणून कपाट येतं, आणि कपाटाबरोबर कपाटाचे नियम येतात. ज्यांचे नियम अजून व्हायचे आहेत त्यांनी तरी आमची गंमत वाचून मग करावेत.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. कपाटातला निसेकोईचा पंचवीस खंडांचा संच माझा आहे. नोकरी लागल्यावर महिन्याला एक-दोन करत जमवला आणि मंडळ सुरू झालं तेव्हा कपाटात ठेवला. आता तो टेबलाखालच्या खोक्यात आहे. हवा असल्यास परत न्या, असा निरोप आला. न्यायचाच असता तर दिला कशाला असता? दुसरं म्हणजे, एखादा नवा सभासद ‘रोमान्समधलं काहीतरी सांगा’ म्हणाला की त्याला माझ्याकडे पाठवायची मंडळाची जुनी पद्धत आहे. ते काम मी मनापासून करते. ते करायचं नाही असं सूचनेत लिहिताना ते काम होतं कसं, हे तुमच्यापैकी कुणी एकदा तरी बसून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मंडळाबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते: हारेम रोमान्स म्हणजे एक मुलगा आणि त्याच्यावर जीव जडलेल्या तीन-चार-पाच मुली, किंवा उलट, एक मुलगी आणि तिच्याभोवती मुलं. शेवटी तो कुणाची निवड करतो, यावर सगळा डोलारा उभा असतो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार त्या चौथ्या ओळीचीच. हा प्रकार म्हणजे पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेलं काहीतरी, बायकांनी बघून नाक मुरडायचं, असं गृहीत धरलेलं दिसतं. या प्रकाराचं मूळ शोधत गेलं की बहुतेक जण उरुसेई यात्सुराशी येऊन थांबतात. 1978 साली वीकली शोनेन सन्डे या जपानी साप्ताहिकात सुरू झालेली, चौतीस खंडांची. दिसेल त्या मुलीच्या मागे धावणारा आतारू, त्याला नवरा मानून बसलेली आणि चिडली की विजेचा झटका देणारी परग्रहावरची लुम, आणि भोवती येणाऱ्या-जाणाऱ्यांचा गोंधळ. ती काढली रूमिको ताकाहाशी यांनी, वयाच्या विशीत. इचिगो 100% ही शोनेन जंपमधली 2002 ते 2005 या काळातली गाजलेली मालिका मिझुकी कावाशिता यांची, त्याही बाईच. बायकांनी हा प्रकार घडवला, वाढवला, त्यावर पोट भरलं, आणि 2020च्या दशकात पुण्यात एक कार्यकारिणी ठरवते की बायकांना तो झेपणार नाही.

मला या प्रकारात काही खटकत नाही असं कृपया समजू नका. पुष्कळ खटकतं. आंघोळीच्या खोलीचं दार चुकून उघडणं, पाय घसरून नेमकं नको तिथे पडणं, हे विनोद मी इतक्यांदा वाचले आहेत की पान उलटायच्या आधी मला पुढचं चित्र दिसतं. काही नायक असे असतात की त्यांना कांदेपोह्याला नेलं तर मुलगी पसंत आहे की नाही हे सांगायला त्यांना अकरा खंड लागतील. रेंट-अ-गर्लफ्रेंड 2017 साली सुरू झाली, चाळीस खंड ओलांडून गेली, आणि ती सुचवताना माझा हात थबकतो. पण खटकणं माझं आहे. ते कसं, किती आणि कुठल्या पुस्तकात खटकतं हे मलाच सांगू द्या.

दुसरी तक्रार खोक्यात काय गेलं आणि कपाटात काय उरलं याची. हे मी स्वतः जाऊन पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

रान्मा ½ कपाटात आहे. का? तर ती ‘क्लासिक’ आहे. पुन्हा ताकाहाशीच, 1987 ते 1996, अडतीस खंड. थंड पाणी पडलं की मुलगी आणि गरम पाणी पडलं की मुलगा होणारा रान्मा. त्याच्या वडिलांनी ठरवलेली आकाने, चीनमधून पाठलाग करत आलेली शाम्पू, वडिलांनीच दुसऱ्या व्यवहारात कबूल केलेली उक्यो, रिबन फिरवणारी कोदाची, आणि मुलगी झालेल्या रान्मावर भाळलेला कुनो. याला हारेम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? शिवाय उघडी अंगं मोजायला बसलात तर रान्माचे पहिले दोन खंड माझ्या निसेकोईच्या पंचवीस खंडांवर सहज मात करतील. मला रान्मा अतिशय प्रिय आहे, ती काढा असं मी चुकूनही म्हणत नाही. फक्त तुमचा नियम पुस्तकाच्या वयावर चालतो की मजकुरावर, ते सांगा.

ओउरान हाय स्कूल होस्ट क्लब कपाटात आहे. श्रीमंतांच्या शाळेत शिष्यवृत्तीवर आलेली हारुही, तिच्या हातून फुटलेली ऐंशी लाख येनची फुलदाणी, आणि ते कर्ज फेडण्यासाठी मुलगा म्हणून होस्ट क्लबमध्ये, म्हणजे मुलींना गप्पांत रमवणाऱ्या मुलांच्या मंडळात, काम करणं. बिस्को हातोरी यांची अठरा खंडांची सुंदर मालिका. इथे मुलगी एक आणि मुलं सहा. म्हणजे मुली अनेक असल्या की अवघडल्यासारखं होतं, मुलं अनेक असली की होत नाही, असा मंडळाचा निष्कर्ष दिसतो. पुरुष सभासदांना विचारलं होतं का?

आणि ओओकु खोक्यात आहे. हे वाचून ज्यांना ती मालिका माहीत आहे त्यांनी कपाळाला हात लावला असेल. फुमी योशिनागा यांची 2004 साली सुरू झालेली, एकोणीस खंडांची मालिका. एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या जपानमध्ये लाल देवीसारखा एक रोग येतो, तो तरुण मुलग्यांना मारतो, पुरुषांची संख्या चौथाईवर येते. बायका शेती, दुकानं आणि अखेर शोगुनची, म्हणजे लष्करी सत्ताधीशाची गादीही सांभाळू लागतात. मग एदोच्या किल्ल्यातला जो जनानखाना इतिहासात खरोखर होता, त्यात बायकांऐवजी निवडक पुरुष कोंडले जातात. सत्ता, वारस, वासना, एकटेपणा, कुणाच्या तरी नजरेत भरण्यासाठी केलेली उठाठेव, हे सगळं स्त्री-पुरुषांच्या जागा अदलाबदल करून दाखवलेलं. तिला 2009 साली तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्काराचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि लिंगभावाविषयी नवा विचार मांडणाऱ्या विज्ञानकथांना दिला जाणारा, तेव्हा टिप्ट्री नावाने ओळखला जाणारा पुरस्कारही. महिला सभासदांच्या सोयीसाठी खोक्यात गेलेलं पहिलं पुस्तक हे. पुस्तकाच्या पाठीवरच्या मजकुरात राजवाडा आणि जनाना दिसला आणि कुणीतरी उचलून टाकलं, यापेक्षा वेगळं काही घडलं असेल असं मला वाटत नाही.

ओओकु मोठ्यांसाठीच आहे, हेही खरं. आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात मी ती देणार नाही. तिथूनच तिसऱ्या तक्रारीकडे येते.

या सूचनेचं खरं मूळ महिला सभासदांत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आठवीतल्या एका सभासदाने टु लव्ह-रू डार्कनेस घरी नेली. आईने उघडून पाहिली. आईचा फोन आला. तो फोन घेणाऱ्याची काय अवस्था झाली असेल याची मला कल्पना आहे, आणि त्या आईंचं काडीचंही चुकलेलं नाही. इंग्रजीत ही मालिका ज्या छापाखाली निघते तो छापच प्रौढ वाचकांसाठी काढलेला आहे. मग ती त्या मुलापर्यंत गेली कशी? त्याने विचारलं, कुणीतरी म्हणालं, ‘मजेशीर आहे, घे.’ बस्स. एवढीच शिफारस. मालिकेचा दोष सोडा, शिफारस करणाऱ्याने तोंड उघडलं नाही हा दोष आहे. आणि वरच्या आणि खालच्या कप्प्यात काय ठेवायचं हे कधी ठरवलंच नाही, हा आपल्या मंडळाचा दोष आहे. तो झाकायला सगळा प्रकारच बंद करायचा आणि वर बायकांचं नाव पुढे करायचं, याला काय म्हणावं?

जपानमध्ये हा वाद आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात झाला आहे. डिसेंबर 2010 मध्ये टोकियो महानगर विधानसभेने तरुणांच्या संरक्षणाच्या अध्यादेशात दुरुस्ती केली, तेव्हा चित्रकार चिडले, आणि शुएइशा, कोदान्शा, शोगाकुकान यांच्यासह मोठ्या प्रकाशकांनी पुढच्या वर्षीच्या टोकियोच्या ॲनिमे मेळाव्यावर बहिष्कार टाकला. त्या अध्यादेशावर माझ्यासारख्या वाचकाचे शंभर आक्षेप असतील. पण तो इतका कडक असूनही त्यात काय आहे पाहा: ठरावीक पुस्तकं अठरा वर्षांखालच्यांना विकायची नाहीत आणि दुकानात वेगळ्या जागी ठेवायची. मोठ्या माणसांच्या हातून ती कुणी काढून घेतलेली नाहीत. लव्ह हिनाचे चित्रकार केन आकामात्सू हे पुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊनच जुलै 2022 च्या निवडणुकीत जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून गेले. आपलं मंडळ टोकियोपेक्षा कडक निघालं याचा कुणाला अभिमान वाटत असेल तर वाटो.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. ‘सगळ्या सारख्याच असतात’ असं एक जण बैठकीत म्हणाले. सगळ्या सारख्या असत्या तर सुचवायला मी कशाला लागले असते?

समोर कोण बसलंय ते आधी बघावं लागतं. बारावी होऊन सीईटी रिपीट करणारा मुलगा आला की मी त्याला लव्ह हिना देते. 1998 ते 2001, चौदा खंड. टोकियो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटलेला केइतारो आजीच्या सरायीत राहायला जातो, तर त्या सरायीचं मुलींचं वसतिगृह झालेलं असतं. लहानपणी एका मुलीला वचन दिलंय की आपण दोघं त्या विद्यापीठात भेटू. मुलगी कोण ते आठवत नाही. यात आंघोळीचे आणि ठोशांचे विनोद ढीगभर आहेत, आज ते शिळे वाटतात, हे मी देतानाच सांगते. पण निकालाच्या दिवशी फलकासमोर उभं राहून आपला नंबर शोधणं ज्याने केलंय, त्याला ती मालिका घट्ट धरून ठेवते.

घरच्यांनी सायन्सला घातलेली आणि मनातून भाषेकडे ओढा असलेली मुलगी आली, किंवा उलट, तर वुई नेव्हर लर्न. शोनेन जंपमध्ये 2017 ते 2020, एकवीस खंड. गणितात अलौकिक असलेल्या रिझूला मानसशास्त्राकडे जायचंय आणि भाषेत अलौकिक असलेल्या फुमिनोला खगोलशास्त्र शिकायचंय. दोघीही आपापल्या आवडीच्या विषयात शून्याच्या आसपास. त्यांना शिकवतो नारियुकी, जो स्वतः हुशार नाही, घोकून घोकून वर आलेला आहे. जमतं ते करावं की आवडतं ते करावं, हा आपल्याकडच्या प्रत्येक जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न तिथे प्रेमाच्या गोंधळाइतकाच पुढे असतो. शेवटी चित्रकार तायशी त्सुत्सुइ यांनी एकीची निवड केलीच नाही, पाच मुलींचे पाच वेगळे शेवट लिहिले. काहींना ती पळवाट वाटते. मला आवडलं. त्या पाचांत शिक्षिकेला बसवणं मात्र मला अजिबात पटलेलं नाही आणि पटणारही नाही, हेही सांगूनच देते.

ज्यांना कोडी आवडतात, रहस्यकथा आवडतात आणि ‘रोमान्स आपल्याला जमत नाही’ म्हणतात, त्यांच्यासाठी क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स. नेगी हारुबा यांची, 2017 ते 2020, चौदा खंड, 2019 साली कोदान्शा मांगा पुरस्कार. पहिल्याच प्रकरणात लग्नाचा दिवस दिसतो. नवरी पाच जुळ्या बहिणींपैकी एक आहे एवढं कळतं. पाचही जणींचा चेहरा एकच, त्यामुळे कोण ते कळत नाही. मग चौदा खंड त्यांना शिकवणाऱ्या फुतारोबरोबर आपणही बारीकसारीक खुणा शोधत बसतो: केसांची फीत, हेडफोन, कोण कुणाचं सोंग घेऊन आलीय. आणि मुलींनाही आपापसात मत्सर, अपराधीपणा, थोरलेपणाचा बोजा आहे. पाच जणी नुसत्या त्याची वाट बघत उभ्या नाहीत. ती संपते, वेळेत संपते, निर्णय देऊन संपते. या प्रकारात हा केवढा मोठा गुण आहे ते या प्रकाराचे वाचकच जाणोत.

निवड वगैरे भानगड ज्यांना सोसत नाही त्यांना द हंड्रेड गर्लफ्रेंड्स. वीकली यंग जंपमध्ये 2019 च्या शेवटी सुरू झाली, लेखन रिकितो नाकामुरा, चित्रं युकिको नोझावा. प्रेमाच्या देवाच्या हातून घोळ झाल्यामुळे रेंतारोच्या नशिबी एक नाही, शंभर जोडीदार लिहिल्या गेल्या आहेत. त्यांच्याशी प्रेम जुळलं नाही तर त्या मरतील. वाचायला निव्वळ वेडेपणा आहे. पण त्या वेडेपणात एक गोष्ट सरळ आहे: हा मुलगा कुणाला फसवत नाही, कुणाला झुलवत ठेवत नाही, पहिलीला दुसरीबद्दल तोंडावर सांगतो. तोंडून शब्द न फुटणारी शिझुका पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून बोलते. रेंतारो तिचं आवडतं पुस्तक अख्खं बसून फोनमध्ये टाइप करतो, म्हणजे फोन तिच्यासाठी वाचून दाखवेल. मी हा भाग बसमध्ये वाचला आणि शेजारच्या काकूंनी काळजीने पाणी विचारलं. त्याच मालिकेत एका नायिकेची आईसुद्धा पुढे त्या यादीत येते, आणि चुंबनांची तर गणतीच नाही. हेही सांगायचं. आधी सांगायचं. आईचा फोन यायच्या आधी.

आणि ज्याचं हे सगळं वाचून झालंय, त्याच्यासाठी तामिकी वाकाकी यांची द वर्ल्ड गॉड ओन्ली नोज, सव्वीस खंड. गेममधल्या मुलींना पटवण्यात देव मानला जाणारा केइमा खऱ्या मुलींपुढे उभा राहतो तेव्हा त्याची पोथी हळूहळू कशी कुचकामी ठरते, ते त्यात आहे. या प्रकाराची टिंगल करता करता त्याच प्रकाराच्या प्रेमात पाडणारी.

निसेकोईचं काय, असं विचाराल. नव्या वाचकाला ती सुरुवातीला द्यावी असं माझं अजूनही मत आहे. दोन टोळ्यांमधलं भांडण टळावं म्हणून खोटं खोटं प्रेम करणारे राकू आणि चितोगे, गळ्यातलं कुलूप, कुणाकडे तरी असलेली किल्ली. नाओशी कोमी यांचे चेहरे बघतच राहावेत असे. मधले काही खंड पाणी घालून वाढवलेले आहेत, तेवढं सोसायची तयारी हवी. शेवट काय होतो ते या पत्रात लिहिणार नाही. खोकं उघडा आणि वाचा.

पाचवी तक्रार छोटी. सूचनेमागे आणखी एक कारण तोंडी सांगितलं गेलं, की या मालिकांवरून बैठकीत भांडणं होतात. निसेकोईतल्या दोन नायिकांपैकी चितोगे की ओनोदेरा यावरून आवाज चढले होते, हे खरं आहे. त्या दिवशी माझाही चढला होता. पण सत्यभामेच्या अंगणात झाड आणि रुक्मिणीच्या अंगणात फुलं, ही गोष्ट लहानपणी ऐकून आपण सगळेच कुणा ना कुणा एकीच्या बाजूने उभे राहिलो होतो ना? माझी आजी कट्टर सत्यभामेची होती आणि तिच्या जावेशी या विषयावर तिचं शेवटपर्यंत जमलं नाही. भांडणं होतात म्हणजे पुस्तकं वाचली जाताहेत. ज्या कपाटातल्या मालिकेवरून कधीच कुणी भांडलं नाही तिच्यावर किती धूळ आहे, तेही मी त्या दिवशी पाहून आले.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि एकाही मागणीला पैसे लागत नाहीत.

सूचनेतली चौथी ओळ काढा. बाकीच्या तीन ओळींचं काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवू, पण ती ओळ आजच्या आज काढा. आमच्या नावावर काही करायचं असेल तर आम्हाला आधी विचारा.

खोकं उघडा आणि पुस्तकं परत लावा, पण दोन कप्प्यांत. वरचा कप्पा अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. ओओकु आणि डार्कनेस दोन्ही तिथे. वरच्या कप्प्याला कुलूप लावायचं असेल तर लावा, किल्ली कार्यकारिणीकडेच ठेवा, माझी हरकत नाही. कुठलं पुस्तक कुठे, हे पाठीवर छापलेला वयोगट पाहून आणि निदान एक खंड वाचून ठरवायचं. नुसतं मुखपृष्ठ बघून ठरवायचं नाही. हाच नियम रान्मालाही लावा.

प्रत्येक मालिकेच्या पहिल्या खंडात आतल्या बाजूला एक चिठ्ठी असावी. मालिका संपली की चालू आहे, एकूण किती खंड, आपल्याकडे किती, कोणत्या वयासाठी, अंगप्रदर्शन कितपत, आणि एखाद्याला त्रास होईल असं काही त्यात आहे का. शेवट लिहायचा नाही. ज्याने शेवट लिहिला त्याने पुढच्या दोन बैठकांचा चहा करायचा. खोक्यातल्या सगळ्या मालिकांच्या चिठ्ठ्या मी लिहून देते.

शाळकरी सभासदाला पुस्तक देताना देणाऱ्याने वहीत स्वतःचं नाव लिहावं. ‘मजेशीर आहे, घे’ म्हणणारा पुन्हा सापडला पाहिजे.

पुढच्या रविवारी हा विषय सगळ्यात आधी घ्या, चहाच्या आधी, आणि मत हात वर करून घ्या. कुणाला हा प्रकार नको असेल तर त्याने उठून तसं सांगावं, मी शांतपणे ऐकून घेईन.

आणि ज्या आईंचा फोन आला होता त्यांना मंडळातर्फे पत्र जावं. दिलगिरीचं, आणि यापुढे काय करणार आहोत ते सांगणारं. त्यांच्या मुलाने त्यानंतर पाऊल टाकलेलं नाही. त्याला पुन्हा पाठवा म्हणून विनंती करावी आणि त्याच्यासाठी निसेकोईचा पहिला खंड बाजूला काढून ठेवावा. पत्राचा मसुदा सोबत जोडत आहे.

आपली,
एक महिला सभासद